भिंतीला लागलेली जीभ

न्हाव्याच्या घरात टॉवेल मोजायला बसू नये, कमीच भरतात, असं थोरलीचे बाबा म्हणायचे. ते दुकान चालवत होते तोवर त्या घरात जिकडे बघावं तिकडे टॉवेल. ओले, वाळलेले, घडी घातलेले, गिऱ्हाइकाच्या गळ्यात अडकवलेले. पुढच्या खोलीत दुकान, मागे स्वयंपाकघर आणि दोन्हींच्या कडेनं जाणारा एक अरुंद बोळ. त्या बोळात ऊन पाहुण्यासारखं यायचं आणि चहा व्हायच्या आत निघून जायचं. टॉवेल वाळवायचे कुठे? म्हणून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ड्रायर आला. कपडे गरम हवेत गरागरा फिरवायचे आणि दमट हवा पाइपातून भिंतीपलीकडे बोळात सोडून द्यायची, एवढंच त्या मशीनचं काम.

पाइपाच्या बाहेरच्या तोंडाला पत्र्याची एक टोपी होती आणि तिच्यात प्लास्टिकची झडप. मशीन चालू असलं की झडप हवेनं उघडायची, बंद झालं की मिटायची. वारा, पाखरं, उंदीर यांना आत शिरायला वाव नको म्हणून. ती झडप एका वादळात उडून गेली. बाबांनी दुसरी आणली नाही. वस्तरा पाजळून पाजळून पातळ झालेला चामड्याचा एक पट्टा दुकानात खुंटीला लटकत होता. त्यांनी त्याचे दोन तुकडे केले, शेजारी शेजारी धरून आईकडून शिवून घेतले आणि तारेत ओवून टोपीत टांगले. मशीन लागलं की ते चामडं उचललं जायचं, फडफडत राहायचं. मशीन थांबलं की पत्र्यावर आपटायचं. थप्.

"घरात एक जीभ चालते ती पुरत नव्हती वाटतं," आई म्हणाली होती. "आता भिंतीलाही लावली."

तेव्हापासून त्या चामड्याला घरात सगळे जीभच म्हणत.

बाबांच्या स्वतःच्या जिभेबद्दल काय सांगावं? त्यांच्या खुर्चीत बसलेला माणूस डोक्यानं हलका आणि कानानं जड होऊन उठायचा. कुणाच्या मुलीला स्थळ आलं, कुणाची पाइपलाइन फुटली, कोणता डॉक्टर सुई हळू टोचतो, सगळं तिथं कळायचं. डोक्याला तेल लावून चंपी करायचे तेव्हा तर बोलण्याला ताल यायचा. चंपी झाली की सिगरेट ओढायला बोळात जायचे आणि बोटांना उरलेलं तेल जाता जाता जिभेला पुसायचे.

ड्रायरची घंटी केव्हाच मुकी झाली होती, आणि भांड्यांच्या आवाजात मशीन थांबलेलं आईला कळायचं नाही. दुकानाची खिडकी मात्र बोळात उघडायची. थप् झालं की ते बाबांना ऐकू जायचं, आणि कुणाच्या गालावर वस्तरा असला तरी ते तिथूनच हाक द्यायचे, "घे गं, झाले!" नवं गिऱ्हाईक दचकायचं. जुनी गिऱ्हाइकं मान न हलवता हसायची. आई टॉवेल काढायची. इतकी वर्षं त्या घराचा दिवस त्या दोन आवाजांवर चालला.

गेल्या हिवाळ्यात बाबा गेले.

दुकान बंद झालं, पण आईनं आरसा उतरवला नाही की खुर्ची विकली नाही. ती खुर्ची पुसायची, टॉवेल धुवायची. कुणासाठी, हे तिला कुणी विचारलं नाही. मग धाकटा भाऊ चार दिवस राहून आला आणि त्यानं थोरलीला फोन केला.

"ताई, ते मशीन काढायला हवं. स्वयंपाकघरात करपल्यासारखा वास येतो. मागची भिंत तापते, हात ठेववत नाही. एक टॉवेल वाळायला तीन-तीन फेऱ्या लागतात."

"आई काय म्हणते?"

"आई म्हणते, जुनी माणसं आणि जुनी मशीनं सावकाशच चालतात. मी सांगून आलोय, एक तर मशीन घरातून जाईल, नाही तर तू माझ्याकडे येशील."

"मग?"

"मग काय! म्हणाली, मशीनही जाणार नाही आणि मीही."

आईला त्या घरातून उचलणं म्हणजे काय, हे तिला ठाऊक होतं. धाकट्याच्या घरी आईला खोली मिळाली असती, टीव्ही मिळाला असता, नातवंडं मिळाली असती. आई मात्र सापडली नसती.

"मी जाऊन बघते," ती म्हणाली. "पाइप तुंबला असेल. दुरुस्त होईल."

"ताई, तू पुस्तकं शिवतेस. भिंती शिवत नाहीत."

"मग तू जा."

"मला रजा..."

"तर मग तोंड बंद ठेव."

धाकट्यानं तोंड बंद ठेवलं, पण अट घातलीच. ओले टॉवेल एका फेरीत वाळले पाहिजेत आणि भिंत गार राहिली पाहिजे. नाही तर तो गाडी घेऊन येणार आणि आईला सामानासकट नेणार. तो बोलेल ते करणारा होता. त्या बाबतीत तो बाबांवर गेला नव्हता.

थोरली एका ग्रंथालयात जुनी पुस्तकं दुरुस्त करायची. उसवलेली शिवण, वाळवीनं खाल्लेली पानं, तडकलेली चामड्याची वेष्टनं. बापानं माणसांच्या माना सरळ केल्या, लेक पुस्तकांचे कणे सरळ करते, असं बाबा गिऱ्हाइकांना सांगायचे. ती आली तेव्हा तिच्या पिशवीत दोन कपड्यांचे जोड होते आणि उरलेल्या जागेत हत्यारं.

"आलीस होय, भावाची वकील," आई दारातच म्हणाली.

"कुणाची वकील नाही. पाइप साफ करते, नवा घालते आणि जाते."

"पाइपाचं काय ते कर." आईनं तिच्या हातातली पिशवी घेतली. "जिभेला हात लावायचा नाही."

दुपारी थोरलीनं मशीन तपासून पाहिलं. ओले टॉवेल घातले. धाकटा खोटं बोलला नव्हता. पहिल्या फेरीनंतर टॉवेल नुसते कोमट आणि भिंत तापलेली. मशीनमागचा लवचीक पाइप भिंतीशी दबून चपटा झाला होता, पायाखाली दबलेल्या सापासारखा. तो बदलायला हवा हे उघड होतं. पण तेवढ्यानं एवढी हवा कोंडली नसती.

टॉवेल कसेबसे वाळले तेव्हा ती हात धुऊन आली, तर आई कपाटातून दुसरे टॉवेल काढून मशीनमध्ये घालत होती. घडीचे. थोरलीनं एकाला हात लावला.

"आई, हे वाळलेलेच आहेत."

"कपाटात दमट होतात."

"काल लावले होतेस?"

"रोज दमट होतात."

आईनं मशीन चालू केलं आणि दुकानात निघून गेली. थोडा वेळ गेल्यावर थोरलीनं डोकावलं. आई गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली होती. आरशाकडे पाठ, तोंड खिडकीकडे, हात मांडीवर. दवाखान्यात आपला नंबर यायची वाट बघणारी माणसं बसतात तशी. मशीन थांबलं तरी ती उठली नाही. बरीच बसली, मग गुडघ्यांवर हात टेकून उठली आणि टॉवेल काढायला गेली. थोरलीनं काही विचारलं नाही. त्या घरात आता न विचारलेल्या गोष्टीच जास्त होत्या, त्यात आणखी एक.

दुसऱ्या दिवशी ती हार्डवेअरच्या दुकानात गेली. दुकानदारीण गल्ल्यावर मिरवणुकीतल्या घोड्यासारखी नटून बसली होती आणि तेवढीच उतावीळ होती.

"लवचीक देऊ?"

"नको. कडक पत्र्याचा, आतून गुळगुळीत. आणि वळणाला एक कोपरा."

"आणि बाहेर? जाळी देऊ? पाखरं जात नाहीत."

"पाखरं जात नाहीत आणि तूसही जात नाही. जाळीवर साठून बसतं." टॉवेलांचं सुटलेलं तूस. बाबांना ते पुरतं ठाऊक होतं. मान झटकायचा मऊ ब्रश काठीला बांधून ते पाइप आतून पुसून काढायचे, गिऱ्हाईक नसलं की. ते आजारी पडल्यापासून ती काठी दाराआड उभीच होती. "झडपेची टोपी द्या. पत्र्याचीच, झडप हलकी हवी."

"ही घ्या. झडपेच्या कडेला रबर आहे. मिटली की आवाजसुद्धा नाही."

थोरलीनं ती घेतली. आवाज नाही, हे तेव्हा तिला चांगलंच वाटलं.

आई डोळे तपासायला गेली होती. थोरलीनं विचार केला, आई यायच्या आत जुना पाइप निघाला तर बरं. मोडतोड डोळ्यांपुढे नको. बोळात जाऊन तिनं टोपीखाली वाकून पाहिलं. जीभ मिटलेली होती. मशीन चालू ठेवूनच ती बाहेर आली होती, तरी जीभ मिटलेली. तिनं बोट लावलं. चामडं हललंच नाही. कडेनं काळं, चिकट काहीतरी साचून ते पत्र्याला डिंकानं चिकटवावं तसं बसलं होतं. एका कोपऱ्यातून तेवढी हवा फुसफुसत होती.

तिनं मशीन बंद केलं. पिशवीतून हाडाची पट्टी आणली; पुस्तकांची चिकटलेली पानं ती त्याच पट्टीनं सोडवायची. कड हळूहळू सुटत गेली. तिला जिभेला हात लावायचा नव्हता. पण अर्ध्यावर आल्यावर वरची गंजलेली तार कट्‌कन तुटली आणि चामडं तिच्या हातात आलं. त्याच्यामागे पाइपाचं तोंड बुचासारखं बंद होतं. तिनं बोटांनी ते बूच ओढलं. करड्या तुसाचा गठ्ठा निघाला, गादीतून कापूस निघावा तसा, आणि संपेचना. तुसात केस. काळे, पांढरे, तांबूस, बारीक कापलेले, मशीनमध्ये फिरफिरून तुसात विणले गेलेले.

"काय सापडलं?" बोळाच्या तोंडाशी मास्तर उभे होते. निवृत्त शाळामास्तर, डोक्यावर औषधालाही केस नाही. तरी बाबांच्या दुकानात रोज यायचे. दाढी हे निमित्त.

"केस," थोरली म्हणाली. "सगळ्या गल्लीचे."

मास्तर जवळ आले, चष्मा सारखा करून गठ्ठ्याकडे पाहिलं. "माझे निघाले तर वेगळे ठेव. मी कधीचा शोधतोय."

थोरली हसली. बाबा गेल्यापासून त्या बोळात हसल्याचं तिला आठवत नव्हतं.

"तुझा बाप म्हणायचा," मास्तर म्हणाले, "मास्तर, तुमचे केस डोक्यातून गेले, पण डोक्यातलं काही गेलं नाही. फुकट दाढी करायचा नाही हं, पण असलं काहीतरी द्यायचा." ते गठ्ठ्याकडे बघत राहिले, आणि मग हातातली पिशवी सावरत निघून गेले.

थोरलीनं सगळं वर्तमानपत्रावर ठेवलं. यात बाबांचेही केस असतील, असं तिच्या मनात आलं. त्यांचे केस आई कापायची, रविवारी, त्याच खुर्चीत. आणि खांद्यावर असायचा तो त्यातलाच एखादा टॉवेल. पण ओळखायचे कसे? पांढरे केस सगळ्यांचे सारखेच पांढरे असतात. तिनं कागद बाजूला सारला.

चामडं मात्र तिनं उन्हाच्या पट्ट्यात धरून नीट पाहिलं. आईचे टाके अजून सरळ होते. पण चामडं कसलं, तेलात बुडवून काढलेली भाकरीच. दाबलं तर बोटांना तेल लागत होतं. आता तिला उलगडा झाला. तेलाला तूस चिकटलं, तुसाला केस, त्यावर पुन्हा तेल. जीभ जड झाली, मग चिकटली, मग पाइप तुंबला. बाबा असताना असं कधी झालं नव्हतं. म्हणजे तेल नंतरचं होतं.

आई आली ती बोळातूनच आली. पिशवी हातात तशीच धरून उभी राहिली.

"काढलीस."

"चिकटली होती, आई. सोडवताना तार तुटली."

"हात लावायचा नाही म्हटलं होतं."

"हो."

आईनं खाली बसून चामडं उचललं. अंगठ्यानं टाक्यांवरून हात फिरवला, मग बोटं एकमेकांवर घासून पाहिली. "एवढं ओलं कशानं?"

"तेल आहे."

"तेल मीच लावते," आई लगेच म्हणाली. "त्यांच्यामागे त्याची आबाळ नको व्हायला. कापसाचा बोळा भिजवून लावते, दोन्ही अंगांनी. ते लावायचे तसं."

थोरलीच्या टेबलावर कधी कधी अशी पुस्तकं यायची, ज्यांच्याकडे कुणी दुर्लक्ष केलेलं नसायचं; उलट कुणी फार जपलेली असायची. चामड्याच्या पुठ्ठ्याला कुणी वर्षानुवर्षं तेल पाजलेलं, पानांच्या कडांपर्यंत डाग उतरलेले. त्या पुस्तकांचे मालक समोर नसायचे हे किती बरं असतं, ते तिला आज कळलं. पाइप जुना झाला होता, असं म्हणता आलं असतं. ते खोटंही नव्हतं. पण मग आईनं संध्याकाळी पुन्हा तेलाची बाटली काढली असती.

"बाबा तेल लावत नव्हते, आई," ती म्हणाली. "हात पुसत होते."

आईनं तिच्याकडे पाहिलं. मग टोपीकडे. मग कागदावरच्या गठ्ठ्याकडे. डोळ्यांत औषध घातलं होतं, त्यामुळे ती जरा जास्तच वेळ बघत राहिली.

"हात पुसत होते," ती सावकाश म्हणाली.

"हो."

"आणि मी बाटल्या रिचवल्या." आई भिंतीला टेकून बसली. "आवाज येईना म्हणून आणखी लावलं. म्हटलं, कोरडी पडली असेल. कोरड्या जिभेनं कोण बोलतं?"

थोरलीला खुर्ची आठवली, खिडकीकडे केलेलं तोंड आठवलं, रोज दमट होणारे टॉवेल आठवले.

"म्हणून दुपारी मशीन लावून बसतेस?"

"थप् झालं की वाटायचं, आता हाक येईल. येत नाही, ते कळतं गं मला. वेडी नाही मी. पण मधला तो जरासा वेळ असतो ना... तेवढाच." तिनं चामडं कागदावर ठेवलं. "पुढे थप् पण होईना."

बोळातून कुणाची तरी सायकल गेली. दोघींनी पाय आवळून घेतले.

"घर पेटलं असतं का?" आईनं विचारलं.

"पेटलं नाही."

"विचारलं ते सांग."

"पेटू शकलं असतं."

आईनं मान हलवली. मग तिच्या तोंडाचा कोपरा जरा वाकडा झाला. "जन्मभर त्या माणसाच्या मागे लागले, जरा गप्प बसा, जरा गप्प बसा. जिवंतपणी ऐकलं नाही. शेवटी मीच तेल घालून तोंड बंद केलं."

ती हसत होती की रडत होती, ते थोरलीनं निरखून पाहिलं नाही. ती कागदाच्या घडीवर घडी घालत राहिली, लागत होत्या त्यापेक्षा जास्त.

"लाव तुझं नवं," आई उठत म्हणाली. "धाकट्याला सांग, गाडी घेऊन येऊ नको. गाडीत मला मळमळतं."

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी थोरलीनं काम केलं. चपटा पाइप काढून टाकला. कडक पत्र्याचा पाइप बसवला, शक्य तेवढा आखूड, एकच कोपरा देऊन, बाहेरच्या बाजूला किंचित उतार ठेवून. आत पाणी साचलं तर बाहेर पडावं. सांधे स्क्रूनं पक्के केले नाहीत, कारण आत आलेल्या टोकाला तूस अडकतं. चंदेरी चिकटपट्टी ओढून बसवली, पुस्तकाच्या कण्यावर कापड बसवतात तशी, बुडबुडा न ठेवता. टोपी लावली, कडेची फट भरली. मग ओले टॉवेल घातले. झडप झटक्यात उघडली आणि बोळात गरम, साबणाच्या वासाचा झोत आला. एका फेरीत टॉवेल कडक. भिंतीला गाल लावला तरी गार.

तिनं धाकट्याला फोन केला. "भिंत शिवली."

"खरंच? एका फेरीत?"

"येऊन बघ. पण रिकाम्या गाडीनं परत जायच्या तयारीनं ये."

"आई खूश आहे ना?"

थोरलीनं स्वयंपाकघराकडे पाहिलं. "टॉवेल वाळले," ती म्हणाली.

कारण आईनं टॉवेल पाहून "छान झालं" म्हटलं होतं. शेजारणीनं आणून दिलेल्या पदार्थाला म्हणतात त्याच आवाजात. आणि त्यानंतर मशीनला हात लावला नव्हता. आपलं पातळ धुऊन तिनं खुर्च्यांच्या पाठींवर टाकलं होतं. दुपारी दुकानाचं दार उघडलं नाही. पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

"मशीन लावू का?" थोरलीनं विचारलं.

"वीज कशाला जाळायची? वाळेल."

अट पुरी झाली होती. घर वाचलं होतं, आई घरात राहिली होती. थोरलीनं पिशवी भरायला घेतली आणि हाडाची पट्टी हातात आल्यावर थांबली. ग्रंथालयात नव्या मुलींना ती एक गोष्ट सांगायची. दुरुस्तीनंतर पुस्तक नुसतं टिकलं तर ते काम झालं असं नाही, ज्याचं आहे त्यानं ते पुन्हा उघडलं पाहिजे. इथं तिनं पुस्तक चांगलं बांधलं होतं आणि ते कुणी उघडत नव्हतं.

तिनं पिशवीतलं सामान पुन्हा बाहेर काढलं. चामडं कागदात होतं तसंच होतं. बाबांच्या कपाटातून तिनं पावडरचा डबा आणला, दाढीनंतर मानेवर थापायचे ती. चामड्यावर ती पावडर पसरली, वर टीपकागद, त्यावर इस्त्री नुसती टेकवून ठेवली. तेल वर चढलं. कागद बदलला, पुन्हा पावडर. दुकानात तो ओळखीचा वास पसरला तेव्हा आई दारात येऊन उभी राहिली.

"आता काय चाललंय?"

"बघू. बस तिथं."

आई खुर्चीत बसली. थोरलीनं चामड्याचा सगळ्यात कमी भिजलेला भाग निवडला, टाक्यांशेजारचा, आणि करंगळीएवढी पट्टी कापली, टाक्यांसकट. बाहेरची टोपी उघडून झडपेचं रबर सोललं. त्या जागी पट्टी लावून पाहिली आणि मशीन चालू केलं. झडप जेमतेम बोटभर उघडली. जड होत होती. पुन्हा आत येऊन आरशापुढच्या फळीवर पट्टी ठेवून ती पातळ करू लागली. चामडं तासायची सुरी बारीक होती. कांद्याच्या पातीसारखे तुकडे निघत होते.

"दुसरं टोक धरू?" आईनं विचारलं. "त्यांना धरून द्यायचे मी. पट्टा ताणलेला नसला की वस्तरा उसळायचा."

"धर."

आईनं टोक धरलं. टाक्यांजवळ आल्यावर थोरलीनं तिच्याकडे पाहिलं.

"काप," आई म्हणाली. "टाके काय, पुन्हा घालता येतात."

थोरलीनं ते कापले नाहीत. ती भोवतीनं तासत गेली, इतकं पातळ की मागचं बोट दिसावं, आणि टाके तेवढे राहिले. उष्णतेनं न सुटणाऱ्या गोंदानं ती पट्टी झडपेच्या खालच्या कडेला चिकटवली, तूस अडकणार नाही अशी कड निमुळती करून. गोंद वाळेपर्यंत दोघींनी चहा घेतला. आईनं दोनदा बोळात जाऊन पाहिलं आणि दोन्ही वेळा, शेजारची मांजर बघायला गेले होते, असं सांगितलं.

"हिला तेल लावायचं नाही," थोरली म्हणाली.

"कळलं."

"हातसुद्धा पुसायचे नाहीत. आणि दाराआडच्या काठीनं पाइप पुसत राहायचा. ते करायचे तसा."

"कळलं म्हटलं ना. बापाची लेक शोभतेस, एक गोष्ट दहादा."

आईनं खुर्चीवरचं पातळ उचललं, अजून ओलंच होतं. टबात भिजवलेले टॉवेल पिळले. सगळं मशीनमध्ये घातलं आणि न बोलता दुकानात गेली. थोरली स्वयंपाकघरात राहिली. कप विसळले, ओटा पुसला, पुसलेला ओटा पुन्हा पुसला. मशीनमागच्या भिंतीवर तळहात ठेवला. गार. पत्र्याच्या आतून हवा वाहत होती, एकसारखी, कुठेही न अडखळता.

नळ चालू होता, त्यामुळे मशीन थांबलेलं तिला कळलं नाही. तिकडे काय ऐकू आलं, किंवा आलं की नाही, तेही कळलं नाही. मग पुढच्या खोलीतून हाक आली, मोठ्यानं, जशी त्या घरात गेल्या हिवाळ्यानंतर कुणी दिली नव्हती.

"घे गं, झाले!"

थोरलीनं नळ बंद केला. ओले हात कपड्यांना पुसले आणि मशीनचं दार उघडलं. टॉवेल कोरडे होते, ऊन ऊन. ते तिनं सगळे एकदम कवेत घेतले, जरुरीपेक्षा जरा जास्त वेळ.

"आलं का ऐकू?" तिनं तिथूनच विचारलं.

"आलं." खुर्ची करकरली. आई उठत असावी. "आवाज बसलाय त्यांचा."